३१ डिसेंबर की १ जानेवारी? वर्षाच्या टोकावर जन्मणाऱ्या बाळांबद्दल सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमची चिमी ३१ डिसेंबर २०२० ला रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी झाली. वीस मिनिटं थांबली असती तर दुसऱ्या वर्षात गेली असती, आणि हे वाक्य मी गेल्या पाच वर्षांत किमान पाचशे लोकांच्या तोंडून ऐकलंय. ओळखीत कुणाची डिसेंबर-जानेवारीची तारीख आली की फोन मलाच येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

ड्यू डेट १ जानेवारी दिलीय. म्हणजे त्याच दिवशी होणार का?

नाही हो. ती तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात, म्हणजे पाळी २७ मार्चला आली असेल तर १ जानेवारी. बरोब्बर त्याच दिवशी जन्मणारी बाळं शंभरात चार-पाच. बाकीची आधी किंवा नंतर, त्यांच्या मर्जीने. त्यामुळे एका दिवसाच्या फरकावर आत्तापासून घरात भांडू नका, बाळ नाताळलाच येऊन बसेल.

शाळेचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून ३१ लाच सिझेरियन करून घ्यावं का? सासरचे मागे लागलेत.

सिझेरियन तसंही ठरलेलं असेल, ३९ आठवडे पूर्ण असतील आणि डॉक्टरांना दोन्ही दिवस चालत असतील, तर घ्या की ३१, कुणाचं काही बिघडत नाही. पण ३७ किंवा ३८ आठवड्यांवर, फक्त तारीख गाठायची म्हणून, अजिबात नको. कारण नसताना ३९ च्या आत सिझेरियन केलं की बाळाला श्वासाचा त्रास व्हायची आणि काचेच्या पेटीत ठेवायची वेळ येण्याची शक्यता वाढते. शाळेचं एक वर्ष वाचवायला जाऊन पहिला आठवडा एनआयसीयूच्या बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत काढायचा, हा कुठला सौदा. आणि उलटंही ऐकलंय, "नवीन वर्षाचं बाळ हवं, दोन दिवस थांबवता येईल का", तर कळा सुरू झाल्यावर थांबवणं हे बस थांबवण्यासारखं नसतं काकू.

पण शाळेचं नेमकं आहे काय? सगळे ३१ डिसेंबर ३१ डिसेंबर का करतात?

हा खरा प्रश्न. बाकीचे सगळे याच्या आजूबाजूचे.

महाराष्ट्रात पहिलीला घालायचं तर त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला मुलाला सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, आणि नर्सरी किंवा प्लेग्रुपला तीन. सरकारी भाषेत याला मानीव दिनांक म्हणतात. आधी तो ३० सप्टेंबर होता, २०२१-२२ पासून ३१ डिसेंबर केला. तेव्हा ऑक्टोबर ते डिसेंबरवाल्यांचे आईबाप खूश झाले की चला वर्ष वाचलं, आणि मग हळूहळू लक्षात आलं की वर्ष वाचलं म्हणजे आपलं पोर वर्गात सगळ्यात लहान झालं.

उदाहरण घ्या. ३१ डिसेंबर २०२० चं मूल जून २०२६ मध्ये पहिलीत बसू शकतं, तेव्हा त्याचं वय साडेपाच. १ जानेवारी २०२१ चं मूल जून २०२७ मध्ये, तेव्हा वय साधारण साडेसहा. एकाच दवाखान्यात शेजारच्या खाटांवर काही मिनिटांच्या अंतराने झालेली दोन मुलं, आणि एक दुसरीच्या पुस्तकाला कव्हर घालतंय तेव्हा दुसरं पहिलीचं दप्तर घ्यायला चाललंय. नर्सरीत तर अजून गंमत, कारण ३१ डिसेंबरचं मूल जूनमध्ये अडीच वर्षांचं असतं. अडीच वर्षांचं मूल म्हणजे दुपारी झोप लागतेच, शू सांगता येईलच असं नाही, आणि डबा स्वतः उघडता येत नाही.

मग ३१ डिसेंबरवाल्याला त्याच वर्षी घालायलाच लागतं का?

नाही! हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सहा वर्षं ही किमान अट आहे, त्या वर्षी घातलंच पाहिजे असा त्याचा अर्थ नाही. वरची मर्यादाही आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) प्रवेशांना पहिलीसाठी ३१ डिसेंबरला जास्तीत जास्त ७ वर्षं ५ महिने ३० दिवस, नर्सरीसाठी ४ वर्षं ५ महिने ३० दिवस. म्हणजे ३१ डिसेंबरच्या मुलाला एक वर्ष थांबवलं तरी ते सात वर्षं पूर्णवर येतं, मर्यादेत आरामात बसतं. म्हणजे चॉइस तुमच्याकडे आहे, आणि १ जानेवारीवाल्याकडे तो नाही, त्याला थांबायचंच आहे. या हिशोबाने बघितलं तर ३१ तारीख उलट सोयीची.

आम्ही चिमीला जून २०२३ मध्ये नर्सरीत घातलं, अडीच वर्षांची. वर्ष वाचतंय ना, मग घाला, असं सगळ्यांचंच म्हणणं. पोरगी रोज गेटवर रडायची ते एक वेळ ठीक, सगळीच रडतात, पण आमची ऑगस्टमध्येही रडत होती, आणि शाळेतून रोज ओली चड्डी पिशवीत घालून यायची आणि सोबत बाईंची चिठ्ठी, "कृपया सवय लावावी". वर्गात शेजारी बसणारा मुलगा तिच्यापेक्षा तब्बल चौदा महिन्यांनी मोठा. तो चित्र रेघेच्या आत रंगवायचा आणि माझी खडू चावायची, आणि मी घरी येऊन तिला रागवायची, ज्याची मला अजून लाज वाटते. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाठवलंच नाही. भरलेली फी शाळेने परत दिली नाही, तो विषय सोडा. जून २०२४ मध्ये परत नर्सरी, आणि तीच मुलगी तिसऱ्या दिवशी टाटा करून आत गेली.

सगळ्यांनी थांबवावंच असं माझं म्हणणं नाही. जाऊबाईंचा डिसेंबरचा मुलगा अडीच वर्षांचा असताना मस्त रमला, मोठी बहीण त्याच शाळेत होती म्हणूनही असेल. मूल बघा, कॅलेंडर नंतर. आणि शाळेला आधीच विचारा, कारण काही शाळा "वय बसतंय तर यावर्षीच घ्या, पुढच्या वर्षी सीटची गॅरंटी नाही" असं म्हणून घाई करतात.

आजी म्हणतात सहावं लागलंय की, मग पहिलीत का घेत नाहीत?

कारण आपल्याकडे वय चालू मोजायची पद्धत. पाचवा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून "सहावं लागलं". शाळेला लागलेलं नको, पूर्ण झालेलं पाहिजे. या एका शब्दावरून आमच्याकडे दोन दिवस अबोला होता.

केंद्रीय विद्यालयातही हाच नियम का?

नाही. तिथे पहिलीला ३१ मार्चला सहा पूर्ण लागतात. म्हणजे ३१ डिसेंबर आणि १ जानेवारी दोन्ही एकाच बॅचमध्ये, आपला सगळा वाद तिथे संपतो. पण बदलीची नोकरी असेल तर लक्ष ठेवा, राज्याच्या हिशोबाने पुढे गेलेलं डिसेंबरचं मूल केंद्रीयच्या हिशोबाने एक वर्ष आधी शिकत असतं, आणि मधल्या इयत्तेत बदली झाली की ऑफिसात वयाचे कागद काढायला लागू शकतात. बाकीच्या खाजगी शाळांचं त्या त्या शाळेतच विचारलेलं बरं.

बाळ बरोबर बाराच्या ठोक्याला झालं तर तारीख कुठली?

बाळ पूर्ण बाहेर आलं तो क्षण धरतात, आणि लेबर रूममध्ये सिस्टर घड्याळ बघून जे लिहितात तेच पुढे दाखल्यावर जातं. १२:०० वाजले की पुढची तारीख. जुळी असतील आणि एक ११:५८ ला, दुसरं १२:०४ ला झालं, तर दोघांचे दाखले वेगळे, तारखा वेगळ्या आणि सालही वेगळं. शाळेच्या नियमाने ती वेगवेगळ्या वर्षी पात्र होतात, अशा वेळी मोठ्याला एक वर्ष थांबवून दोघांना बरोबर घालणं हाच शहाणपणा.

पण रात्री दीडला झालेलं बाळ तर आदल्या दिवसाचं धरतात ना?

पंचांगात वार सूर्योदयापासून सुरू होतो, त्यामुळे १ जानेवारीच्या रात्री दीडचं बाळ जुन्या बायका ३१ चंच धरतात, आणि त्यांच्या पद्धतीने त्या बरोबर आहेत. तिथी त्या वेळी जी चालू होती ती पत्रिकेत येते. पण नगरपालिकेला सूर्योदय माहीत नाही, तिथे रात्री बारा. दोन्ही चालू द्या. आमच्या चिमीचा तिथीने वाढदिवस वेगळाच येतो, त्या दिवशी सासूबाई औक्षण करतात, खीर मिळते. कुणाला काय अडचण.

दाखल्यावर तारीख एक दिवस मागे लिहून मिळते का? म्हणजे १ जानेवारीऐवजी ३१?

हे विचारतात. खरंच विचारतात, हळू आवाजात. नाही, करू नका.

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, दवाखान्यात झालेलं असेल तर दवाखानाच कळवतो, आणि खोटी माहिती देणं गुन्हा आहे. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून नवीन कायदा लागू झाला, त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांना शाळा, लायसन, मतदारयादी सगळीकडे जन्मतारखेसाठी जन्मदाखलाच लागणार. पासपोर्टलाही तसंच. पूर्वी शाळा सोडल्याचा दाखला वेगळं बोलायचा, रेशनकार्ड वेगळं बोलायचं, आणि चालून जायचं. आता तो एकच कागद बोलणार, आणि त्यात दवाखान्याच्या रजिस्टरपेक्षा वेगळं काही निघालं तर निस्तरायला पोरालाच लागणार.

नाव ठरलं नसेल तर घाई नाही, नावाशिवायही नोंद होते आणि नाव नंतर टाकता येतं, वर्षभरात फी नाही, नंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. आणि जन्म ३१ डिसेंबरचा पण नोंद जानेवारीत झाली तर घाबरू नका, दाखल्यावर जन्माची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या छापलेल्या असतात.

पूर्वी तर सर्रास करायचे की! आमच्या घरात तिघांचा वाढदिवस १ जून आहे.

हाहा, कुणाच्या घरात नाही. गुरुजींनी लावलेली तारीख. पोरगं शाळेत आणून उभं केलं की गुरुजी विचारायचे जन्म कधीचा, आई सांगायची "मोठा पूर आला होता त्या साली, पोळ्याच्या आगेमागे", मग गुरुजी डोक्यावरून डाव्या कानाला उजवा हात लावायला सांगायचे, हात पोचला की वय बसलं, आणि शाळा जूनमध्ये सुरू होते म्हणून तारीख १ जून. माझे सासरे पण १ जूनवालेच. खरा जन्म थंडीतला, संक्रांतीच्या आसपासचा, असं त्यांची आई सांगायची. आम्ही फोन करतो १ जूनला आणि ते दरवर्षी म्हणतात "हा गुरुजींचा वाढदिवस आहे, माझा नाही".

आणि याचा हिशोब कुठे निघतो माहितीये? रिटायरमेंटला. सरकारी नोकरीत ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त करतात, पण एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीच घरी जातो. म्हणून महाराष्ट्रात दरवर्षी ३१ मे ला हजारो कर्मचारी एकदम रिटायर होतात, ऑफिसेस अर्धी रिकामी होतात आणि पेपरात बातमी येते.

आता हेच १ जानेवारीला लावा. १ जानेवारीचा माणूस ३१ डिसेंबरला निवृत्त, २ जानेवारीचा ३१ जानेवारीला. म्हणजे एका दिवसाने अख्ख्या महिन्याचा पगार. अजून एक गंमत, सातव्या वेतन आयोगात वेतनवाढीच्या तारखा १ जानेवारी आणि १ जुलै आहेत, त्यामुळे ३० जून आणि ३१ डिसेंबरला घरी जाणाऱ्यांची वर्षभर काम करून मिळवलेली वाढ एका दिवसाने हुकायची. लोक कोर्टात गेले, आणि एप्रिल २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात ती वाढ द्यायला सांगितली. बाळ पाळण्यात असताना त्याच्या पेन्शनचा विचार करणारे आपण बहुतेक जगात एकटेच.

वर्षाच्या शेवटी जन्म म्हणजे पुढे नीट (मेडिकलची प्रवेश परीक्षा), मतदान वगैरेत नुकसान होतं का?

नीटला त्या प्रवेशवर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ पूर्ण लागतात. वेळेवर शाळेत घातलेल्या मुलाला याचा त्रास होतच नाही, गणित करून बघा, ३१ डिसेंबर २०२० चं मूल २०३८ मध्ये बारावी होईल तेव्हा १७ पूर्ण होऊन बसलेलं असेल. ज्यांना चार-साडेचार वर्षांचं असताना दामटून पहिलीत बसवलं त्यांचाच प्रॉब्लेम व्हायचा.

मतदानाचं पूर्वी खरंच होतं. १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे, त्या दिवशी १८ पूर्ण तर यादीत नाव, आणि २ जानेवारीचा मुलगा पुढच्या १ जानेवारीपर्यंत बसून. २०२२ पासून वर्षात चार तारखा झाल्या, १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. आता २ जानेवारीवाल्याला फार तर तीन महिने थांबायचंय.

खेळात घालायचंय. तिथे?

तिथे मात्र १ जानेवारीवाला राजा. बुद्धिबळ, फुटबॉल, अशा बऱ्याच खेळांत वयोगट कॅलेंडर वर्षावर ठरतात. ३१ डिसेंबर २०१५ आणि १ जानेवारी २०१६ ची मुलं बुद्धिबळात वेगवेगळ्या सालात मोजली जातात, म्हणजे डिसेंबरवालं मूल आपल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठ्या मुलांशी त्याच गटात खेळतं. फुटबॉलमध्ये तर दहा वर्षांच्या पोरांत एका वर्षाने उंची, ताकद सगळंच बदलतं आणि कोच सिलेक्शनला मोठीच घेतो.

पण मग मी नागपूरच्या बुद्धिबळपटू दिव्या देशमुखकडे बघते, जन्म ९ डिसेंबर २००५, आणि जुलै २०२५ मध्ये बटुमीला महिलांचा वर्ल्ड कप जिंकून आली. डिसेंबरवाल्या आयांनी फ्रिजवर चिकटवावं असं आहे हे. (क्रिकेटला बोर्डाचा हिशोब १ सप्टेंबरचा असतो, त्यामुळे तिथे आपण सगळे मधलेच.)

माझी बहीण न्यू जर्सीला आहे. तिकडे म्हणे ३१ ला झालं तर टॅक्स वाचतो?

हो, तिकडे खरंच पैशाचा फरक पडतो, कारण त्यांचं टॅक्सचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर. बाळ ३१ डिसेंबरला रात्री ११:५९ ला झालं तरी वर्षभर घरात होतं असं धरतात आणि त्या अख्ख्या वर्षाचा चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळतो, २०२५ च्या रिटर्नला एका मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत. १ जानेवारीला झालं तर सरलेल्या वर्षाचा शून्य, नव्या वर्षापासून सुरू. बाळाचा सोशल सिक्युरिटी नंबर लागतो, दवाखान्यातच फॉर्म भरून घेतात तेव्हा आळस करू नका, आणि रिटर्न भरायची वेळ आली तरी नंबर आला नसेल तर मुदतवाढ मागायची. नवरा-बायको मिळून चार लाख डॉलरच्या वर कमावत असतील तर क्रेडिट कमी कमी होत जातो, पण मग त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

दुसरं म्हणजे इन्शुरन्स. बऱ्याच प्लॅनमध्ये डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनी पैसे द्यायला लागेपर्यंत आपण खिशातून भरायची रक्कम, १ जानेवारीला परत पहिल्यापासून सुरू होतं. वर्षभर सोनोग्राफ्या, तपासण्या करून ते भरत आणलेलं असतं आणि डिलिव्हरी गेली २ जानेवारीला की पुन्हा खिशातून. बाळाचं नाव कंपनीच्या पॉलिसीत ३० दिवसांत टाकायचं, हे बाळंतपणाच्या गडबडीत विसरतात.

आणि एक नवीन आलंय, १ जानेवारी २०२५ ते ३१ डिसेंबर २०२८ मध्ये जन्मलेल्या अमेरिकन नागरिक बाळांच्या ट्रम्प अकाउंट नावाच्या बचत खात्यात सरकार १,००० डॉलर टाकणार. म्हणजे ३१ डिसेंबर २०२४ च्या बाळाचे आईबाप आत्ता डोकं धरून बसलेत, आणि २०२८ च्या शेवटी हाच तमाशा परत होणार, फक्त उलट्या बाजूने.

आपल्याकडे टॅक्सचं वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे ३१ डिसेंबरला काहीही मिळत नाही. पेढे सोडून.

३१ च्या रात्री कळा सुरू झाल्या तर? दवाखाना गाठायचा कसा?

आमच्या वेळी कोरोनाचा नाइट कर्फ्यू होता, ११ नंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, आम्ही सुसाट पोचलो. एरवी मात्र पुण्यात कॅम्पात, एफसी रोडला गर्दी, वळवलेले रस्ते आणि जागोजागी नाकाबंदी. पोलीस गरोदर बाईची गाडी अडवत नाहीत, उलट वाट करून देतात, फक्त फाइल हाताशी ठेवा.

वाघोली, लोणीकंद, शिक्रापूर बाजूला राहणाऱ्यांनी तर आधीच ठरवून ठेवा. १ जानेवारीला पेरणे फाट्याला विजयस्तंभाला अभिवादन करायला लाखो लोक येतात, आणि पुणे-अहिल्यानगर रस्त्याची वाहतूक ३१ च्या दुपारपासूनच वळवतात. तारीख जवळ आली असेल तर दोन दिवस आधी शहरातल्या नातेवाइकांकडे मुक्कामाला या, किंवा आपल्या बाजूचं हॉस्पिटल हेरून ठेवा. १०८ ला फोन केला की अ‍ॅम्ब्युलन्स फुकट येते. डॉक्टर सुट्टीवर असतील तर त्यांच्या जागी कोण, हे नाताळच्या आधी विचारून नंबर सेव्ह करा.

बारसं, बोरन्हाण कसं जमवायचं?

जन्माचा दिवस धरून बारावा दिवस मोजा, ३१ चं बाळ ११ जानेवारीला, १ चं १२ ला, आणि ३ जानेवारीचं थेट १४ ला, म्हणजे बहुतेक वेळा संक्रांतीलाच. पौषात शुभकार्य नको म्हणणारे निघतात, पण बारसं बाराव्या दिवसाचं असतं, त्याला मुहूर्त कशाला शोधायचा. बोरन्हाण मात्र त्या वर्षी करू नका, पंधरा दिवसांच्या बाळाच्या डोक्यावर बोरं आणि उसाचे तुकडे ओतणार का? पुढच्या वर्षी, चांगलं वर्षाचं होऊन बसायला लागलेलं असतं, तेव्हा काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, सगळं थाटात करा. रथसप्तमीपर्यंत वेळ असतो.

वाढदिवसाला कुणी येतच नाही हो. काय करायचं?

येणार नाहीतच. अर्धे गोव्याला, अर्धे कोकणात, उरलेले सोसायटीच्या गच्चीवर. इंग्रजी शाळेला नाताळची सुट्टी असते त्यामुळे वर्गात चॉकलेटं वाटायचंही राहतं, आणि ३१ ला केक आणायला गेलं तर दुकानात रांग, त्यात सगळ्या केकवर "हॅपी न्यू इयर" आधीच लिहिलेलं. आम्ही आता चिमीच्या मैत्रिणींना जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी बोलावतो. ३१ ला रात्री बारा वाजता बाहेर फटाके उडतात ते आपल्यासाठीच आहेत असं तिला चार वर्षांची होईपर्यंत वाटायचं. मागच्या वर्षी तिने विचारलं की माझा वाढदिवस तर आत्ता संपला, मग फटाके आता का उडवतायत. बाबा म्हणाला, उशिरा आणले त्यांनी.